बल्ली

नीलगिरीची आहे. दहा फूट लांब, बुडाकडे चार इंच जाड, शेंड्याकडे तीन. अंगावर सिमेंटचे टणक झालेले ओघळ, खिळ्यांची जुनी भोकं आणि मधोमध एक उभी चीर. नीलगिरी वाळली की तेवढी चिरतेच. देऊळगाव राजात माळवदाची घरं उतरून त्यांच्या जागी स्लॅब पडू लागले, तेव्हा या बल्लीने आणि तिच्या जातभाईंनी ते खालून डोकं लावून पेलले. काँक्रीट धरेपर्यंत तुळईखाली ताठ उभं राहायचं आणि ते पक्कं झालं की दुसऱ्या घराखाली जायचं, हे तिचं काम. पुढे लोखंडी जॅक आले. बल्ली सेंट्रिंगवाल्याच्या आवारात भिंतीला टेकून राहिली. पाऊस लागून काळवंडली, पण सडली नाही. तिथून ती आमना नदीच्या अंगाला असलेल्या एका शेतात आली आणि इतकी वर्षं उभं राहून काढल्यावर तिला आडवं पडायचं काम मिळालं.

खरं तर या गावाला लाकडाचा मान ठाऊक आहे. आश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरते, तेव्हा इथला लाठा मंडपोत्सव पाहायला लांबून माणसं येतात. थोराड लाठे भाविक आपल्या हातांनी उभे करतात, त्यांचा मंडप बांधतात, आणि त्या लाठ्याला नुसता हात लागला तरी धन्य मानतात. आमच्या बल्लीच्या नशिबात तसलं काही नव्हतं. तिच्या वाट्याला आली एक घोडी.

घोडी वरातीची. रंगाने नुकरी, म्हणजे पांढरी, नाकपुड्यांपाशी गुलाबी. अठ्ठावन्न इंची, घोड्यांच्या बाजारात उंची इंचांतच सांगतात. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली. जन्माचा कागद नाही, तेव्हा वय दातांवरून धरायचं. वरच्या ओळीतल्या कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच उमटते, ती वयाबरोबर खाली उतरत जाते आणि पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत येते. हिची खाच निम्म्याला टेकली आहे. घोड्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं धरलं तर ही प्रौढ बाई झाली, म्हातारी नाही. पण जिने चौदा-पंधरा वर्षांत एकदाही उडी मारलेली नाही, तिच्यासाठी हे वय नवं काही सुरू करायला उशिराचंच.

तिला काय येतं ते सांगितलं पाहिजे, कारण ते थोडं नाही. कानाशी ताशा वाजत असताना, पायापाशी फटाक्यांची माळ फुटत असताना जागच्या जागी उभं राहणं येतं. खुर्चीवरून चढणारा, फेटा सांभाळणारा, घोड्यावर कधीच न बसलेला नवरदेव पाठीवर घेणं येतं. ताल धरून पाय उचलणं येतं. मात्र वरातीत तिच्यापुढचा रस्ता नेहमी माणसांनी मोकळा करून दिला. लोक बाजूला झाले, दुचाक्या ढकलल्या गेल्या, मांडवाचा दोर कोणीतरी वर उचलून धरला. वाटेत काही आडवं आलं तर ते आपण ओलांडायचं असतं, ही गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. आता नवरदेव फुलांनी सजवलेल्या गाडीतून येतात. लग्नसराई आली तरी ती गोठ्यातच उभी राहू लागली. मालकाने तिला विकलं नाही. त्यांच्या आठवीतल्या नातीने मोबाइलवर कुठलीशी घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा पाहिली आणि आजोबांच्या मागे लागली, ‘आबा, आपली घोडी मारंल का उडी?’

आबांनी आधी डॉक्टर बोलावले. मला हे फार मोलाचं वाटतं. डॉक्टरांनी एकेक पाय दुमडून थोडा वेळ तसाच धरला, मग सोडून लगेच दुडक्या चालीने पळवायला सांगितलं आणि ती लंगडते का ते पाहिलं. वय झालेल्या घोड्याच्या मागच्या पायाच्या सांध्यात, खुराच्या आतल्या हाडात दुखणं लपून बसतं. सरळ चालताना ते कळत नाही, दुमडल्यावर बोलतं. मग नालबंद आला, डांबरी रस्त्यावर झिजलेले नाल काढले, खूर तासले. आणि मग कित्येक आठवडे नुसती चाल: कदम, दुडकी, पुन्हा कदम. वरातीच्या घोडीची दौड असते ती किती? मांडवापासून मारुतीच्या देवळापर्यंत. पाठीचे आणि मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू बनल्याशिवाय उडीचं नावही काढायचं नव्हतं. तोवर बल्ली बांधावर पडून होती.

या काळात तिची तयारी झाली. सेंट्रिंगच्या बल्लीला खिळे फार. काही डोक्यासकट, काही तुटून आत रुतलेले. पकड आणि हातोडा घेऊन आबांनी एकेक खिळा उपसला, सिमेंटचे ओघळ छिन्नीने उडवले, चिरेपाशी उठलेल्या कुसळांवर रंधा फिरवला. शेजारच्या शेतकऱ्याने बीजोत्पादनाच्या शेडनेटमधला जस्ताचा पाइप देऊ केला होता. या तालुक्यात शेडनेट जागोजाग असल्यामुळे पाइपांना तोटा नाही. तो घेतला नाही हे बरं झालं. लोखंडी नळीवर घोड्याची नडगी आदळली तर नळी वाकत नाही, पाय जातो. प्लास्टिकचा पाइप उलट इतका हलका की घोडी त्याला जुमानत नाही, आणि फुटला की त्याच्या कडा सुरीसारख्या होतात. बल्लीला वजन आहे, म्हणून टक्कर लागली की घोडीला कळतं. आणि ती कुठे बांधलेली नाही, म्हणून टक्कर लागली की पडते. तिचा हाच गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. इमारतीखाली असताना पडणं हा तिचा अक्षम्य गुन्हा झाला असता. इथे पडणं हेच तिचं कर्तव्य.

मग गेरू आणि चुना. नातीने हौसेने एक पट्टा गेरूचा, एक चुन्याचा, असे पट्टे ओढले. घोड्याला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. त्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल मातीत मिसळून जातो. तेव्हा गेरूचे पट्टे आपल्यासाठी आणि चुन्याचे घोडीसाठी, असं ठरलं. काळ्या रानात बल्ली दिसते ती त्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे.

पहिल्या दिवशी ती नुसती जमिनीवर होती. गोल लाकूड खुराखाली आलं तर गरगरतं आणि घोडं गुडघ्यावर येतं, म्हणून तिच्यासाठी बोटभर खोल सरी ओढून त्यात तिला बसवलं. घोडी आली, थांबली, मान खाली घालून फुरफुरली. तिने बल्ली बुडापासून शेंड्यापर्यंत हुंगली. आबांनी दोर सैल सोडला आणि ते स्वतः बल्ली ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. घाई कुणालाच नव्हती, बल्लीला तर मुळीच नव्हती. शेवटी घोडीने पुढचा एक पाय उचलला, गरजेपेक्षा दुप्पट उचलला, पलीकडे टेकला, आणि मागचा पाय विसरली. टक्. लाकडाचा एवढा आवाज झाला आणि पुढे काही झालं नाही. कोणी ओरडलं नाही, चाबूक उठला नाही. घोडीने कान मागे नेले, पुन्हा पुढे आणले.

अमेरिकेत स्नोमॅन नावाचा एक नांगराचा घोडा होऊन गेला. १९५६ साली हॅरी डी लेयर या घोडेस्वारी शिकवणाऱ्या माणसाने तो खाटकाकडे जाणाऱ्या गाडीतून ८० डॉलरला सोडवून घेतला. तोही सुरुवातीला जमिनीवरच्या दांड्यांना अडखळत होता, आणि त्याच घोड्याने १९५८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये देशातल्या नामांकित उडीच्या घोड्यांना मागे टाकलं. आमच्या घोडीकडून मला असलं काही नको आहे. पण जमिनीवरच्या दांडीला अडखळणं म्हणजे घोडं नालायक, असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्नोमॅनची गोष्ट आठवावी.

एका बल्लीच्या तीन झाल्या, तीनच्या चार. कदम चालीला त्यांच्यात अडीच-तीन फूट, दुडकीला चारच्या आसपास. अंतर घोडीच्या पावलावर ठरतं, पुस्तकावर नाही. ती दोन्ही बल्ल्यांच्या बरोबर मध्ये पाय टाकू लागली म्हणजे अंतर जमलं. हा व्यायाम घोडेस्वारीत रुजवला तो इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्याने. त्याच्या आधी स्वार उडीच्या वेळी मागे रेलायचे आणि लगाम ओढून धरायचे. घोड्याच्या तोंडाला आणि पाठीला हिसका बसायचा. काप्रिल्ली म्हणाला, स्वाराने पुढे व्हावं, हात ढिले सोडावेत, घोड्याला त्याची मान त्याच्या कामासाठी वापरू द्यावी. १९०७ साली तो चाळिशीच्या आत गेला, पण आज जगातला प्रत्येक उडी मारणारा स्वार त्याच्याच पद्धतीने बसतो.

वरातीच्या घोडीला हे सगळ्यात अवघड गेलं. तिच्या आयुष्यात लगाम म्हणजे ताण. गर्दीत तिला आवरायचं म्हणून तोंड आखडूनच धरलं जायचं. अनेक ठिकाणी वरातीच्या घोड्यांना काटेरी लगाम घालतात. १९६५ च्या नियमांनी त्याला मनाई आहे, तरी तो बाजारात मिळतो. आबांनी तो कधी वापरला नाही, पण साधा लगामही रोज ओढला तर घोडी मान वर करून, पाठ पोकळ करून चालायला शिकते. तशा पाठीने उडी होत नाही. बल्लीने तिची मान खाली आणली. कुठे पाय टाकायचा ते पाहायचं तर मान खाली घालावीच लागते, हे कोणा माणसाने तिला शिकवलं नाही, जमिनीवर पडलेल्या लाकडाने शिकवलं.

इथे घोड्याच्या डोळ्याविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या थेट पुढे आणि नाकाखाली एक आंधळी जागा असते. दांडीकडे धावत येताना शेवटच्या चार-सहा फुटांत ती त्याला दिसेनाशी होते. घोडं उडी घेतं ते थोड्या वेळापूर्वी पाहिलेल्या दांडीवरून, आठवणीवर. म्हणून उचललेल्या बल्लीच्या किंचित अलीकडे दुसरी बल्ली जमिनीवर ठेवतात, म्हणजे पायथा कुठे आहे ते लांबून कळतं आणि अंतराचा अंदाज बांधता येतो. ती चुकून पलीकडच्या बाजूला ठेवली तर घोडं फसतं, फार जवळ येऊन उठतं आणि आदळतं. जी बल्ली इतकी वर्षं न बोलता खरं वागली, तिला माणसाने चुकीच्या जागी ठेवून खोटं बोलायला लावू नये.

गाडीचे जुने टायर आडवे टाकून त्यांवर दोन बल्ल्यांची फुली केली तो दिवस कार्तिकातला. पावसाळ्यात या काळ्या मातीत घोडं घालता येत नाही. खुरांना चिखलाचे गोळे बसतात, पाय सरकतो. उन्हाळ्यात जमीन अशी भेगाळते की खूर अडकून पाय मोडावा. दिवाळीनंतर, ओल खाली उतरली की वखर मारून पट्टा भुसभुशीत करून घ्यायचा, हा इथला हंगाम. उडीनंतर सगळा भार आधी पुढच्या एका पायावर येतो, त्याच्या मागच्या शिरेवर येतो. मऊ जमीन तो भार वाटून घेते. पिकलेल्या घोड्याच्या शिरा तरुण घोड्यासारख्या लवकर भरून येत नाहीत. म्हणून पाठीवर कोणी नाही, लांब दोरीवर घोडी मोकळी, आणि फुलीचा मधला भाग जमिनीपासून जेमतेम वीतभर. फुलीची सोय अशी की मध्यभाग सगळ्यात खाली असतो, तेव्हा घोडं आपसूक मधून जातं.

ती आली दुडक्या चालीने. पहिल्या वेळी चालत ओलांडली. दुसऱ्यांदा पुढच्या पायांनी ओलांडली आणि मागच्यांनी बल्ली खाली पाडली. बल्ली टायरवरून घरंगळली, मातीत पडली, पुन्हा उचलून ठेवली. तिसऱ्यांदा घोडीने पुठ्ठे गोळा केले, दोन्ही पुढचे पाय एकदम पोटाशी घेतले, आणि वीतभर फुलीवरून हातभर उंच गेली. पलीकडे उतरल्यावर तिने शेपूट उचलून थोडी दौड काढली, जी तिला कोणी सांगितली नव्हती, आणि वळून आपण होऊन परत फुलीकडे तोंड केलं.

बांधावर दोघं-तिघं उभे होते. त्यांतला एक म्हणाला, ‘काऊन हो आबा, म्हातारपणी घोडीले सर्कशीत धाडता का?’

आबा म्हणाले, ‘तिले इचारा. तिचे कान पाहा.’

कान पुढे होते. घोड्याची खुशी ओळखायला याहून चांगली खूण मला माहीत नाही. कान पुढे, श्वास मोकळा, शेपूट शांत, आणि बल्लीकडे जाताना पाऊल आपणहून लांबलेलं. याच्या उलट, कान मागे पडले, शेपूट फटकारू लागली, बल्लीपाशी येऊन ती बाजूला फुटली, तर तो हट्ट नसतो. दुखत असतं, किंवा समजलेलं नसतं. तेव्हा चाबूक काढायचा नाही. बल्ली खाली आणायची, गरज वाटली तर पुन्हा सरीत बसवायची, आणि दोन दिवसांनी तसंच झालं तर डॉक्टरांना फोन करायचा. माणसाने कितीही ओरडून सांगितलं तरी बल्लीइतकं स्वच्छ सांगता येत नाही. लागली की आवाज होतो, नाही लागली की होत नाही. यात राग नाही, लोभ नाही, कालचं आज काढणं नाही.

आता नात पाठीवर बसते. अंगाने हलकी आहे, उडीच्या वेळी आयाळ मुठीत धरते म्हणजे हात चुकूनही लगामावर जात नाहीत. आठवड्यातून दोनदा, आधी भरपूर चाल, मग मोजक्या उड्या, आणि चांगली उडी झाली की तिथेच थांबायचं. थांबणं तिला अजून जड जातं.

‘आबा, एक टायर वाढवू?’

‘नोको.’

मला वाटतं, या दोघांत आबांचं बरोबर आहे. उंचीची मोहिनी मोठी असते. १९४९ च्या ५ फेब्रुवारीला चिलीतल्या विन्या देल मार गावी उआसो नावाच्या घोड्याने २ मीटर ४७ सेंटिमीटर उंचीची उडी मारली. स्वार होता कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेल. तिसऱ्या प्रयत्नात जमलं, आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. घोडा तेव्हा सोळा वर्षांचा होता. शर्यतीच्या मैदानावर त्याचं नशीब उघडलं नव्हतं. आमच्या घोडीहून तो वर्षा-दोन वर्षांनी मोठाच म्हणायचा. पण उआसोच्या मागे वर्षानुवर्षांची उडीची तालीम होती, लष्कराची पागा होती. ही गोष्ट सांगून कुणी वय झालेल्या नवख्या घोड्यासमोर बल्ली छातीएवढी नेत असेल, तर त्याने उआसोची अर्धीच गोष्ट वाचली आहे. निरोगी घोड्याला दीड-दोन फूट म्हणजे खेळ. त्याच्या वर जसजसं जावं तसा खेळ माणसाचा होतो आणि किंमत घोड्याचे पाय देतात.

या मुलखात घोडा परका नाही. जाधवरावांचं सिंदखेड इथून हाकेच्या अंतरावर, जिजाऊ तिथल्या. लखुजी जाधवांच्या पागांतल्या घोड्यांनी आणि पुढे मराठ्यांच्या शिलेदार-बारगिरांच्या चपळ दख्खनी तट्टांनी याच रानांतले ओढे, नाले, बांध ओलांडले. त्यांना उडी ही लढाईची गरज होती. आमची घोडी उडी मारते ती कुणाला गाठायला नाही आणि कुणापासून पळायलाही नाही. इतक्या वर्षांत तिने जे काही केलं ते दुसऱ्याच्या लग्नासाठी केलं. हे एक तिचं स्वतःचं आहे. आणि ते तिला मिळालं ते ज्या लाकडाने इतकी घरं पेलली आणि एकाही घरात जागा मागितली नाही, त्या लाकडामुळे. मी या बल्लीकडे पाहतो तेव्हा मला तिच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

ज्यांच्या दारात वरातीचं, टांग्याचं घोडं रिकामं उभं आहे, त्यांना माझी विनंती आहे. विकण्याआधी डॉक्टरांना दाखवा, नालबंद बोलवा, दिवाळीनंतर रानाचा एक पट्टा वखरून घ्या आणि त्यात एक बल्ली टाका. दीड फुटाच्या वर नेऊ नका. जॅक आल्यापासून सेंट्रिंगवाल्यांकडे बल्ल्या पडून आहेत, मागितली तर मिळते. खिळे मात्र शेवटचा निघेपर्यंत काढून घ्या.